मदत हवी आहे : सीडी प्लेअर 'नो डिस्क' म्हणतोय (ब्रँड विचारू नका)

मानेवाडा_मुक्काम :
लवकर उत्तर हवं आहे. प्लेअर एकही सीडी घेत नाही. ट्रे आत जातो, आतून टकटक होते आणि 'नो डिस्क'. रविवारी घरी चारपाच जण ऐकायला येणार आहेत. एका दुकानात नेला होता. काउंटरवरच्या माणसाने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "याचं वय झालं जी, आता नवीन घ्या," आणि पावणेदोन लाखांचं मॉडेल पुढे केलं. मला नवीन घ्यायचा नाही, हाच चालायला हवा. नागपुरात चांगला मेकॅनिक माहीत असेल तर सांगा. आणि ब्रँड सांगणार नाही. मागे अ‍ॅम्प्लिफायरबद्दल विचारलं तेव्हा सगळा धागा ब्रँडवर गेला आणि उडालेला फ्यूज शेवटी मलाच सापडला.

ऑडिओयात्री_पुणे :
ब्रँड न सांगता निदान मागणं म्हणजे पेशंटचं नाव न सांगता डॉक्टरला फोन करणं. कोणत्या श्रेणीचा प्लेअर आहे त्यावर तो दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे की नाही ते ठरतं. काही ब्रँडवर खर्च करू नये, एवढंच म्हणेन.

सोल्डरभाऊ :
डॉक्टरला नाव नाही लागत भाऊ, ताप किती ते लागते.
धागाकर्ते, हे सांगा. नुसता सीडी प्लेअर आहे की डीव्हीडी, एसएसीडी (सीडीचा वरचा प्रकार) पण चालवतो? कंपनीच्या सीडी अडतात की घरी बर्न केलेल्या? ट्रे बंद झाल्यावर डिस्क फिरते का? आणि रॅक कूलरसमोर आहे का?

मानेवाडा_मुक्काम :
फक्त सीडी. सगळ्याच अडतात. फिरत नाही, जागच्या जागी थोडी हलते. कूलर आहे, मे महिन्यात नागपुरात कोणाकडे नसतो? त्याचा काय संबंध?

सोल्डरभाऊ :
संबंध आहे. कूलरची ओली हवा आणि बाहेरची धूळ मिळून लेन्सवर पांढुरका थर बसते. त्यात आपलं पाणी जड. रॅक कूलरच्या झोतात ठेवू नका, एवढं आजच करा. बर्न केलेल्या सीडीचं अशासाठी विचारलं की त्यांच्यावरून लेझर कमी परततो, पुन्हापुन्हा बर्न करता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून तर फारच कमी. लेन्स मळली किंवा लेझर थकला की आधी त्या अडतात, कंपनीच्या नंतर. तुमचं सगळंच एकदम बंद झालं, म्हणून मला लेन्स पुसण्यापुरतं प्रकरण वाटत नाही.

फुटाळ्याचा_वारा :
सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवून पाहिला का? १९९०च्या सुमारास अमेरिकेत लोक सर्रास करायचे. कडेने निसटणाऱ्या प्रकाशाला हिरवा रंग शोषून घेतो आणि आवाज मोकळा होतो, असं म्हणायचे. मी केलंय, तबल्याची चाट उठून येते.

सोल्डरभाऊ :
त्यांची डिस्क फिरून नाही राहिली बाप्पा, चाट कुठून उठणार!

डॅकवाला :
दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर काढा, त्याच्या मागचं ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल डिजिटल आउटपुट एका बऱ्या डॅकला (बिटांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) जोडा. सीडीवर आहे काय? सोनी आणि फिलिप्सने ठरवलेले १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. १९८२ साली बाजारात आली तेव्हाही तेच, आजही तेच. वाचताना चूक झाली तर ती दुरुस्त करायची सोय डिस्कवरच्या सांकेतिक मांडणीतच आहे. वाचन नीट झालं की दोन हजारांच्या प्लेअरमधून निघणारे बिट आणि दोन लाखांच्या प्लेअरमधून निघणारे बिट अगदी सारखे. मी दोन्हींचं डिजिटल आउटपुट संगणकावर रेकॉर्ड करून फाइली जुळवल्या आहेत. एका बिटाचा फरक नाही.

ऑडिओयात्री_पुणे :
बिट म्हणजे संगीत नव्हे. ते बिट पोचायच्या वेळेत जो बारीक मागेपुढेपणा होतो त्याला जिटर म्हणतात. मेकॅनिझमचं वजन, वेगळा पॉवर सप्लाय, चेसिसचं डॅम्पिंग म्हणजे कंप जिरवणं, या सगळ्याला कारण असतं. माझा प्लेअर एकट्याला उचलत नाही. त्यावर ऐकलेलं तुमच्या डीव्हीडी प्लेअरवर ऐकवणार नाही, म्हणजे ऐकवणारच नाही.

डॅकवाला :
जिटर खरा आहे, पण बहुतेक आधुनिक डॅक आपल्या घड्याळावर चालून तो काढून टाकतात. आणि वजनाचं म्हणत असाल तर २०१० साली ऑडिओहोलिक्स या अमेरिकन संकेतस्थळाने लेक्सिकॉन या महागड्या ब्रँडचा बीडी-३० हा ब्लू-रे प्लेअर उघडला ते आठवतंय? जाड देखणं पॅनेल, टीएचएक्स या दर्जा-प्रमाणपत्राचा शिक्का, किंमत ३५०० डॉलर. झाकण काढलं तर आत ओप्पो कंपनीचा बीडीपी-८३ प्लेअर, त्याच्या स्वतःच्या चेसिससकट. बाजारात तो ५०० डॉलरला मिळत होता. म्हणजे उरलेले ३००० डॉलर त्या डब्याचे. लेक्सिकॉन विकत घेणाऱ्याला ते ऐकू येत होते की नाही ते तुम्ही सांगा.

ऑडिओयात्री_पुणे :
एका उदाहरणावरून सगळा उद्योग बदनाम करायचा ही जुनी खोड. आणि आतला ओप्पो काही भंगार नव्हता. त्याच ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवायचं ठरवलं तेव्हा अर्ध्या जगाने हळहळ केली.

डॅकवाला :
तेच तर म्हणतोय. ओप्पो चांगला होता, ५०० डॉलरमध्ये!

सुरपेटी :
दोघांनाही सांगते. आमच्याकडे धरमपेठेत दोन प्लेअर शेजारी ठेवून ऐकले होते. महागडा सगळ्यांना 'जास्त जिवंत' वाटला. मग भावाने मीटर लावला तर सीडी प्लेअरचं नेहमीचं आउटपुट २ व्होल्ट असतं, महागडा २.५ देत होता. जवळजवळ २ डेसिबलचा फरक झाला की! आवाज समान केल्यावर पडद्यामागून कोणालाही सांगता आलं नाही. काकांनी त्यानंतर सुपारी कातरायला घेतली आणि विषय बदलला. महागड्या प्लेअरचा ट्रे मात्र लोण्यासारखा सरकायचा, रिमोट हातात घेतला की बरं वाटायचं. त्याचेही पैसे द्यावेत की, पण ते कानाच्या नावावर देऊ नयेत.

ऑडिओयात्री_पुणे :
पडद्यामागच्या चाचणीत माणूस तणावात ऐकतो, ताई.

डॅकवाला :
मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलेला प्रयोग वाचा. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीहून वरच्या प्रकारांचा आवाज मध्येच सीडीच्या १६ बिट, ४४.१ हजार नमुन्यांच्या दारातून काढला, ऐकणाऱ्यांची उत्तरं नाणेफेकीइतकी आली.

ऑडिओयात्री_पुणे :
आणि त्या डिस्कांपैकी बऱ्याच मुळात जुन्या रेकॉर्डिंगवरून केलेल्या होत्या हा आक्षेपही वाचा.

तबकडी :
सीडी गेली चुलीत. रेकॉर्ड प्लेअर घ्या. नागपुरात जुन्या रेकॉर्डी अजून मिळतात, फक्त इतवारीतल्या उन्हात गाडीत ठेवून विसरू नका, पापड होतो.

मानेवाडा_मुक्काम :
मंडळी, मला रेकॉर्ड, डॅक, मार्कर काहीही नकोय. प्लेअर चालू कसा होईल?

सोल्डरभाऊ :
यांचं चालू द्या, आपण कामाचं बोलू. झाकण उघडता येते का? चार स्क्रू असतात. आत पॉवर सप्लायला हात लावू नका. डिस्क न टाकता ट्रे बंद करा आणि लेन्सकडे बाजूने पाहा, थेट वरून डोळा लावायचा नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसते, म्हणून साधा वाटते. पाहायच्या दोन गोष्टी : लेन्स वरखाली होते का, आणि लेन्समध्ये लालसर ठिपका दिसते का.

मानेवाडा_मुक्काम :
उघडला. लेन्स वरखाली होते, मग थांबते. लाल काही दिसत नाही. खोलीतला दिवा घालवून पाहिलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही नाही. पण लेझर गेला असं म्हणू नका, पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) नवीनच आहे, मागच्या महिन्यात बदलून घेतलं.

सोल्डरभाऊ :
हे आता सांगून राहिले!

मानेवाडा_मुक्काम :
त्यात सांगायचं काय? नवीन पार्ट आहे, तो खराब नसणार. म्हणून तर बाकी काय असेल ते विचारतोय.

सुरपेटी :
बदलल्यानंतर एकदा तरी वाजला का?

मानेवाडा_मुक्काम :
नाही. मेकॅनिक म्हणाला बोर्ड गेला असेल. पिकअपचे पैसे घेतले आणि प्लेअर परत दिला. म्हणून दुकानात नेला होता.

सोल्डरभाऊ :
ऐका आता. लेन्स हलते म्हणजे बोर्ड फोकस शोधून राहिला आहे. ठिपका नाही म्हणजे लेझरच पेटत नाही. बोर्डाला परतलेला प्रकाश मिळत नाही, म्हणून तो डिस्क फिरवतच नाही आणि 'नो डिस्क' म्हणून मोकळा होते.
नवीन पिकअप येतो तेव्हा लेझर डायोडच्या पायांवर सोल्डरचा थेंब टाकून शॉर्ट केलेला असतो. कारण हाताच्या स्थिर विजेने डायोड मरते. रिबन केबल लावल्यावर तो थेंब काढायचा असतो. तुमच्या मेकॅनिकने काढला का ते पाहा. पिकअपच्या खालच्या छोट्या बोर्डावर, रिबनच्या शेजारी, दोन बारीक पॅड एकाच थेंबाने जोडलेले दिसतील.

ऑडिओयात्री_पुणे :
हलक्या बाजारू पिकअपला असं होतं. उच्च श्रेणीच्या प्लेअरमध्ये स्वतःचं मेकॅनिझम असतं.

सोल्डरभाऊ :
काही मोजक्या ठिकाणी असतं, टीअ‍ॅक कंपनीचं व्हीआरडीएस मेकॅनिझम आहेच. पण सोनीचं केएसएस-२१३ पिकअप मी महागड्या हायफायमध्ये पाहिलं आणि लग्नात आहेर म्हणून आलेल्या टेपमध्येही पाहिलं. दर्शनी पट्टी कोणाची ते लेन्सला माहीत नसते.

मानेवाडा_मुक्काम :
आहे! चकचकीत टिकली आहे, दोन पॅडवर पसरलेली. फोटो व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवला. घरी सोल्डरिंग आयर्न आहे. आत्ता काढू का?

सोल्डरभाऊ :
फोटो पाहिला, तोच. आधी प्लग भिंतीतून काढा. रिबन जोडलेलीच राहू द्या, ती काढली की डायोड पुन्हा उघडा पडते. बारीक टोकाचं आयर्न, त्याखाली सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी (विक), एकदाच टेकवायचं आणि उचलायचं. घासू नका. कूलरसमोर अनवाणी उभे राहून तर करूच नका. आणि शेजारी एक इवलासा स्क्रू दिसेल, पोटेन्शिओमीटर. लेझर वाढवतो म्हणून काही लोक तो पिळतात. चार दिवस सीडी पटापट वाचते आणि मग डायोड कायमचा जाते. त्याला हात नाही लावायचा.

फुटाळ्याचा_वारा :
मार्करचं मात्र एकदा करून पाहा, खर्च काही नाही.

मानेवाडा_मुक्काम :
टिकली गेली. लाल ठिपका दिसला. वसंतरावांची सीडी टाकली, ट्रॅक दिसले, वाजतेय. बर्न केलेलीही घेतली. सोल्डरभाऊ, पत्ता व्यनि करा, संत्राबर्फी पोचवतो. मेकॅनिकचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्याशी बोलून घेतो.

ऑडिओयात्री_पुणे :
अभिनंदन. आता तरी ब्रँड सांगा, म्हणजे पॉवर केबल कोणती लावायची ते सुचवतो.

डॅकवाला :
केबल तीच ठेवा जी सोबत आली.

कॅसेटकाका_महाल :
अवांतर विचारतो. माझ्या कॅसेट डेकचा बेल्ट उन्हाळ्यात वितळून डांबर झाला आहे. जुना मोजता येत नाही. माप कसं घ्यावं?

सोल्डरभाऊ :
काका, बेल्ट जिथून जातो त्या पुलींवरून दोरा गुंडाळून लांबी घ्या आणि बेल्ट त्याहून थोडा लहान आणा, ताण राहिला पाहिजे. लावायच्या आधी पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि हातमोजे घाला. ते काळं बोटांना लागलं की लवकर निघत नाही.