जोरदार हिमपाताच्या हिवाळ्यानंतर उंचावरील ऑफ-रोड वाटेवर जावे का? सल्ला हवा आहे

पायवाट:
नमस्कार. आम्ही दोन फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन उन्हाळ्याच्या सुरुवातीला उंच खिंडींतून जाणारी एक कच्ची वाट करण्याच्या विचारात आहोत. एरवी ही वाट त्या सुमारास खुली होते. परंतु यंदा तेथे नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक बर्फ पडला असून अनेक घळींतून हिमस्खलने वाटेवर उतरल्याचे कळते. खालचा टप्पा आता मोकळा आहे, वरच्या टप्प्याविषयी मात्र नक्की माहिती मिळत नाही. दोन्ही गाड्यांना डिफरन्शियल लॉक (एका आसाची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी सोय) आहे आणि एकीला विंच (दोराने ओढणारे यंत्र) आहे. तारीख पुढे ढकलावी का, आणि ढकलायची झाल्यास अंदाज कशावरून बांधावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिमरेषा:
तारीख पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आभाळातून पडलेला बर्फ आणि हिमस्खलनाने खाली आणून टाकलेला ढीग यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला, तर त्याचे कारण लक्षात येईल. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो असते. तोच बर्फ स्खलनात घुसळला जाऊन घळीच्या तोंडाशी थांबतो, तेव्हा ते ३०० ते ५०० किलो किंवा त्याहूनही अधिक भरते, आणि हालचाल थांबताच कण एकमेकांत जखडले गेल्याने सारा ढीग थोड्याच वेळात काँक्रीटसारखा टणक होतो. त्यामुळे भोवतालची कुरणे हिरवी झालेली असतानाही घळीतल्या सावलीत असा ढीग कित्येक आठवडे तसाच राहतो. त्यावर माती आणि फांद्यांचा जाड थर साचलेला असेल, तर ऊन आतपर्यंत पोचत नाही आणि तो आणखी टिकतो. खालचा टप्पा मोकळा झाला म्हणजे वरचाही लवकरच होईल, हे गणित अशा वर्षी चालत नाही.

शिवाय त्या ढिगात केवळ बर्फ नसतो. २०१९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अतिशय मोठी हिमस्खलने झाली आणि नेहमीच्या मार्गांच्या कितीतरी बाहेर जाऊन त्यांनी मोठमोठ्या वृक्षांची राने आडवी केली. सॅन वान पर्वतातील सिनॅमन आणि इंजिनिअर या खिंडींतून जाणारी ‘अल्पाइन लूप’ ही ऑफ-रोड वाट त्या वर्षी उशिरा खुली झाली, कारण यंत्रांना बर्फाबरोबर त्यात अडकलेले ओंडके आणि दगडही उपसावे लागले. नेहमीच्या वर्षी बर्फ फेकणाऱ्या यंत्राने जे काम भागते, तेथे लाकूड आणि खडक आले की ते यंत्र निकामी ठरते आणि एक्स्कॅव्हेटर लावून सावकाश खोदावे लागते. त्याच उन्हाळ्यात लेक सिटी गावाच्या वरच्या अंगाला हेन्सन क्रीक या ओढ्यावरचा हिडन ट्रेझर नावाचा जुना बांध खबरदारी म्हणून तोडण्यात आला, कारण वितळत्या पाण्याबरोबर वाहून येणाऱ्या ओंडक्यांचा लोंढा अडून तो अचानक फुटण्याची भीती होती. हिवाळ्यात कोसळलेले स्खलन उन्हाळ्यातही खालच्या खोऱ्याला कसे धोक्यात आणू शकते, ते यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे विंच आहे म्हणून एक विनंती करतो. ढिगात दबलेले वाकलेले खोड तणावाखाली असते. ते कापताच किंवा ओढताच प्रचंड जोराने उसळते. अशी झाडे आपण हटवू नयेत. ते काम प्रशिक्षित माणसांचे आहे.

मोरीवाला:
हिमरेषा यांच्याशी सहमत आहे. त्यांनी बर्फाविषयी सांगितले आहे; मी बर्फ गेल्यानंतरच्या वाटेविषयी लिहितो, कारण माझ्या मते गाड्यांना खरा धोका तेथून सुरू होतो.

घनमीटरला ४०० किलो वजनाचा बर्फ वितळला की प्रत्येक घनमीटरामागे ४०० लिटर पाणी सुटते. ते जाण्यासाठी वाटेखाली मोऱ्या असतात, पण त्यांची तोंडे स्खलनाच्या राड्यारोड्याने बुजलेली असतील तर पाणी वाटेवरूनच आपला मार्ग काढते. डोंगराच्या कुशीत कापलेल्या अरुंद वाटेची दरीकडची बाजू बहुधा भरावाची असते. हा भराव पाणी पिऊन मऊ होतो आणि खालून पोखरला जातो, परंतु वरचा पृष्ठभाग काही काळ शाबूत दिसतो. गाडीत बसून हे कळणे शक्य नसते. म्हणून अशा प्रत्येक टप्प्यावर एकाने उतरून आधी चालत जावे आणि दरीकडच्या कडेला समांतर भेगा पडल्या आहेत का, ते पाहावे. भेग दिसली तर परत फिरावे, मग पुढची वाट कितीही चांगली दिसो.

ओढ्यांच्या बाबतीत वेळ सांभाळणे महत्त्वाचे आहे. वितळणाऱ्या बर्फावर वाहणाऱ्या ओढ्याला पहाटे पाणी सर्वांत कमी असते आणि दुपार उतरता उतरता ते वाढते. त्यामुळे सकाळी चाके जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यातून पार केलेला ओढा संध्याकाळी परतताना ओलांडण्याजोगा राहीलच, असे नाही. घळीत ओढ्यावर साठलेला बर्फही खालून वाहत्या पाण्याने पोकळ झालेला असतो. त्यावर गाडी तर नकोच, पण माणसानेही पाऊल टाकू नये.

पायवाट:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. वाटेवर बर्फाचा एखादाच पट्टा आडवा आला आणि पुढे मोकळी वाट दिसत असली, तर काय करावे? आणि उन्हाळ्याच्या तोंडावरही हिमस्खलन होऊ शकते का?

घाटमाथा:
पहिल्या शंकेविषयी लिहितो. डोंगरकुशीच्या वाटेवर साचलेला बर्फ क्वचितच सपाट असतो. तो डोंगराच्या उताराशी एकरूप होऊन दरीकडे कललेला असतो. डिफरन्शियल लॉकमुळे गाडी पुढे जाण्यास मदत होते, आडवी घसरण त्याने थांबत नाही. उलट दोन्ही चाके एकदम फिरू लागली की मागचा भाग उताराच्या दिशेने अधिक सहज सरकतो. सपाट जागी, जेथे घसरूनही काही बिघडणार नाही तेथे, टायरमधील हवा कमी करून प्रयत्न करणे ठीक आहे. कललेल्या पट्ट्यावर मात्र फावड्याने चाकांसाठी सपाट मार्ग खोदता आला तरच जावे, अन्यथा परतावे.

पट्ट्याला वळसा घालून कुरणातून गाडी नेणे हा उपाय मुळीच नाही. वृक्षरेषेच्या वरची वनस्पती अतिशय सावकाश वाढते, आणि ओल्या मातीत एकदा पडलेल्या चाकोऱ्या बुजायला दशके लागतात. एका गाडीची चाकोरी पाहून मागच्या दहा गाड्या तेथूनच जातात, आणि मग ती वाटच कायमची बंद होण्याची वेळ येते. याविषयी मला फार तळमळ वाटते, म्हणून थोडे कडक शब्दांत लिहीत आहे.

हिमरेषा:
दुसऱ्या शंकेचे उत्तर होय असे आहे. बहुतेक हिमस्खलने साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि तो बर्फ पाण्याने जड झाला की ओली स्खलने होतात. रात्री कडक गोठले असेल तर सकाळी उतार स्थिर असतो, उन्हे चढली की सैल होतो. रात्रभर आभाळ झाकलेले राहून गोठलेच नाही, तर सकाळही सुरक्षित समजू नये. वाटेच्या वर अजून बर्फ धरून बसलेली घळ किंवा माथ्यावरून बाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा दिसत असेल, तर त्याखाली थांबू नये, जेवणासाठी तर नाहीच. एका वेळी एकच गाडी पार करावी आणि दुसरीतील लोकांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे.

तारखेविषयी सांगायचे तर, दिवस मोजण्याऐवजी तीन गोष्टींची वाट पाहावी: वाटेची देखभाल करणाऱ्या यंत्रणेने वरचा टप्पाही खुला झाल्याचे कळवणे, सलग काही रात्री चांगले गोठणे, आणि ओढ्यांचा पूर ओसरू लागणे. पहिली गोष्ट झाल्याखेरीज बाकीच्या दोहोंचा विचारही करू नये. प्रवेशद्वार बंद असेल तर त्यामागे यंत्रे आणि माणसे काम करत असतात, हेही लक्षात असू द्यावे.

पायवाट:
सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. आम्ही आधीची तारीख रद्द केली असून वरचा टप्पा अधिकृतपणे खुला झाल्यानंतरच नवी ठरवू. तोपर्यंत खालच्या टप्प्यापुरते जाऊन त्याच दिवशी दुपारपूर्वी परतण्याचा विचार आहे. मोऱ्यांची स्थिती कशी आढळली, ते याच धाग्यावर कळवतो.