मदत हवी आहे: दक्षिण फ्रान्समधे गाड्या नसलेल्या रस्त्यांवर सायकल टूर (तुलूझ ते बेझिए)

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि नवरा फ्रान्सला जातोय, धाकटा भाऊ तुलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे त्याच्याकडे. तीन आठवडे हातात आहेत, त्यातले नऊ-दहा दिवस सायकलवर काढायचे असं ठरवलंय. जे तिकडे राहतात किंवा ज्यांनी हा भाग सायकलने केलाय त्यांची मदत हवी आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते म्हणजे मला नक्की काय हवंय ते कळेल. मी पुण्यात गेली आठ वर्षं सायकल चालवतेय, सिंहगड, पानशेत, एकदा पुणे-गोवा पण केलंय. पण दीड वर्षापूर्वी कात्रजच्या पुढे हायवेवर एका ट्रकचा आरसा हँडलला लागला आणि मी पडले, कॉलरबोन मोडलं. हाड जुळून आलं पण मागून गाडीचा आवाज आला की अजून खांदे आखडतात आणि हात आपोआप ब्रेकवर जातात. त्यामुळे घाट, चढ, अंतर ह्याचं मला काही वाटत नाही, दिवसाला ५०-६० किमी आरामात होतील, पण रस्ता असा हवा की दिवसभर मागे वळून बघायला लागू नये. माझी अट एवढी एकच आहे.

आत्तापर्यंत वाचून तीन पर्याय काढलेत:

पहिला अर्थातच कॅनाल द्यु मिदी. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत साधारण २४० किमीचा कालवा, १६६६ मधे मंजुरी मिळाली आणि १६८१ मधे कालवा उघडला. तो ज्याच्या डोक्यातून निघाला तो रिके त्याआधी काही महिनेच वारला, स्वतःचा पैसा घालून, कर्ज काढून उभं केलेलं काम पुरं झालेलं त्याला बघायला मिळालं नाही, हे वाचल्यापासून ती वाट बघायचीच असं मनात बसलंय. शिवाय नोरूझची जागा, जिथे डोंगरातून आणलेलं पाणी दुभंगतं, अर्धं अटलांटिककडे आणि अर्धं भूमध्य समुद्राकडे. घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला ह्याचं काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरा पासा पाईस, माझामे ते बेदारियो, जुन्या रेल्वेलाइनीवर केलेली ८० किमीच्या आसपासची वाट. आणि तिसरा ल्युबेरों, म्हणजे प्रोव्हान्समधला कालावों नदीच्या काठचा सायकलमार्ग, ज्यावर तो रोमन काळातला ज्युलियन पूल लागतो.

आता प्रश्न:
१. कालव्याची वाट शेवटपर्यंत पक्की आहे का? कोणी म्हणतं गुळगुळीत, कोणी म्हणतं झाडांच्या मुळांनी हाडं खिळखिळी होतात. आमच्याकडे ३२ चे (मिमी रुंदीचे) टायर असलेल्या हायब्रिड सायकली आहेत आणि मागे दोन-दोन पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या).
२. ह्या वाटांवर मधेच गाड्यांचा रस्ता किती लागतो?
३. मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. छोट्या गावांत जेवणाचं काय करता?
४. सायकली इथून न्याव्या की तिकडे भाड्याने घ्याव्या?

------

प्रतिसाद:

ताई, मी सहा वर्षं तुलूझमधे आहे आणि तुम्ही लिहिलेल्यातलं ल्युबेरों सोडून सगळं केलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

कालव्याबद्दल दोन्ही मतं खरी आहेत. तुलूझमधून निघाल्यावर पहिले साधारण ५० किमी डांबरी, सपाट, गाड्या शून्य. कामाच्या दिवशी सकाळी निघालात तर पळणारे आणि कुत्री फिरवणारे सोडून कोणी भेटत नाही. नोरूझच्या आसपास हा पक्का भाग संपतो आणि नंतर कास्तेलनोदारी, कार्कासोन करत बेझिएकडे जाताना वाट सारखी बदलत राहते, कुठे चांगली बारीक खडी, कुठे नुसती पायवाट आणि त्यात मुळं. सामान लादलेल्या ३२ च्या टायरवर हात भरून येतात आणि पाऊस झाला असेल तर चिखल. ४० च्या वरचे टायर घ्या, म्हणजे तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर पण तेच, इथेच भाड्याने घ्या. आणि त्या भागात दिवसाला ५०-६० धरू नका, ४० धरा. बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या बाजूला कठडा नाही, पुलांखाली वाट अरुंद होते, तिथे उतरून ढकलली तरी चालते.

दुसरी गोष्ट सावलीची. फोटोत जी प्लेन नावाच्या उंच झाडांची कमान दिसते ती आता सगळीकडे नाहीये. २००६ पासून बुरशीचा रोग पडलाय, कालव्यावर अशी ४२ हजाराच्या आसपास झाडं होती त्यातली हजारो तोडायला लागली, जागी दुसऱ्या जातीची लावतायत पण ती वाढेपर्यंत मधले कित्येक किमी उघडे आहेत. मी पहिल्या वर्षी बघितलेला एक पट्टा दोन वर्षांनी बोडका दिसला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. मे मधे जाताय हे उत्तम, जुलैत मी कोणालाच सांगत नाही.

पण तुमची अट वाचून मी मिदीच्या आधी दुसरंच नाव घेईन. तुलूझच्या दुसऱ्या बाजूला, बोर्दोच्या दिशेने जातो तो गारोनचा कालवा. १९३ किमी, जवळजवळ पूर्ण डांबरी सायकलमार्ग, गाडी दिसते ती फक्त रस्ता ओलांडताना. मिदीएवढं नाव नाही, लॉक-गेटचं (बोटी वर-खाली न्यायला पाणी अडवणाऱ्या दारांचं) तेवढं देखणं काम नाही, पण खांदे सैल सोडून चालवायची असेल तर ह्याच्यासारखं काही नाही. दोन दिवसांत मोआसाकपर्यंत जा, तिथल्या मठाचा कोरीव खांबांचा चौक बघा, ट्रेनने परत या. एवढं झालं की मग मिदी करा, तोपर्यंत हात ब्रेकवरून सुटलेला असेल.

ट्रेन: इथल्या टीईआर (प्रादेशिक) गाड्यांत सायकल सुटी न करता नेता येते पण जागा मोजक्याच असतात, शनिवार-रविवार टाळा.

------

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. फक्त पासा पाईसबद्दल भर घालते, कारण माझी सगळ्यात आवडती वाट तीच आहे. खडीची आहे पण रेल्वेची असल्यामुळे चढ अगदी मंद, बोगदे, दरीवरचे लोखंडी पूल, चेरीच्या बागा, आणि ओलार्ग गाव समोर येतं तेव्हा थांबावंच लागतं. बोगद्यासाठी पुढचा दिवा चांगला ठेवा. दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे त्यामुळे सगळं असं जोडता येईल: तुलूझहून कालव्याने बेझिए, तिथून ट्रेनने बेदारियो, मग पासा पाईसने पश्चिमेला माझामे, आणि तिथून ट्रेनने तुलूझ. म्हणजे मोंतान्य न्वार (काळा डोंगर) ह्या एकाच डोंगराच्या दोन्ही अंगांनी फिरून याल, ज्या डोंगरातून कालव्याला पाणी जातं तोच हा.

ल्युबेरोंचा तो सायकलमार्ग चांगला आहे पण टेकडीवरची गावं बघायची तर गाड्यांच्या रस्त्यावर यावंच लागतं आणि वळणावळणांवर पर्यटकांच्या गाड्या असतात. ह्या खेपेला सोडा.

जेवण: दुकानं दुपारी बारा ते दोन-तीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी खूपदा बेकरी पण बंद. त्यामुळे सकाळीच ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं भरून घ्यायची. बाहेर खाताना ऑम्लेट आणि बकरीच्या चीजचं सॅलड जवळपास सगळीकडे मिळतं. कास्तेलनोदारीला कासुले नावाचा पदार्थ सगळे आग्रहाने सुचवतील, दिसतो पावट्याच्या उसळीसारखा पण त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं, लक्षात ठेवा. पाणी संपलं तर गावाची स्मशानभूमी शोधायची, तिथे बहुतेक नळ असतो, फक्त पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना ते बघून घ्या.

------

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. गारोनचं नाव माझ्या यादीतच नव्हतं, आता पहिले दोन दिवस तिथेच. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला ट्रेनचं मी बघतो, तू फक्त चालव. भाऊ सायकलच्या दुकानात जाऊन ४० चे टायर आणि रॅक असलेल्या दोन सायकली भाड्याने मिळतात का ते विचारून येणार आहे.

बेझिएच्या आधी माल्पासचा बोगदा आणि मग फोन्सेरानची लॉक्सची उतरंड, ह्या दोन्हीला अर्धा-अर्धा दिवस ठेवतेय, घाई करायची नाही. त्याआधी ल सोमायला मुक्काम करावा असा विचार आहे. आता एकच विचारायचंय, कार्कासोन ते ल सोमाय ह्या टप्प्यात वाट कालव्याच्या कुठल्या काठाने बरी आहे, आणि काठ बदलायला कुठले पूल सोयीचे पडतात? आठवत असेल तेवढं लिहा, मी नकाशावर खुणा करून ठेवते.