मदत हवी आहे: अन्सेल्मच्या युक्तिवादात अडकलोय

अकराव्या शतकातला ख्रिस्ती भिक्षू-तत्त्वज्ञ अन्सेल्म याचं देवाचं अस्तित्व सिद्ध करू पाहणारं 'प्रोस्लोगियन' (१०७७-७८) वाचतोय आणि दुसऱ्या प्रकरणातच गाडी अडली आहे. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. तो फक्त मनात असेल, तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरेल, म्हणून तो आहेच. वाचताना पटतं, पुस्तक मिटलं की हातचलाखी वाटते! गौनिलो या भिक्षूने तेव्हाच विचारलं होतं, मग याच न्यायाने कल्पनेतलं सर्वांत उत्तम बेटही असायलाच हवं की. अन्सेल्म म्हणतो, हे फक्त देवालाच लागू, कारण त्याचं नसणं कल्पिताच येत नाही. पण जे सिद्ध करायचं तेच इथे गृहीत धरलंय ना? (तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसलाही हा युक्तिवाद मान्य नव्हता, तेवढाच धीर.) तिसऱ्या प्रकरणात वेगळा युक्तिवाद आहे की दुसऱ्याचाच विस्तार? कुणी उलगडून सांगेल का? तत्त्वज्ञ कांटची यावरची टीका नंतर बघू.