काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी, घटस्फोट: एकच का वेगवेगळे?

मुद्रितशोधक
एका नातलगाचे कोर्टाचे कागद वाचून देत होतो. वकिलाच्या नोटिशीत 'विवाहविच्छेद', अर्जात 'घटस्फोट' आणि सोबत जोडलेल्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासकट, 'काडीमोडपत्र (फारकत)'. मी म्हटलं, एकच शब्द ठेवा की सगळीकडे. तर वकीलबाई म्हणाल्या, "एकच असतं तर दावा कशाला लावला असता?" आणि पुढच्या तारखेला निघून गेल्या. नेमका फरक काय?

जुना कारकून
फरक एवढाच की तुमचा नातलग अजून विवाहित आहे!

'विवाहविच्छेद' आणि 'घटस्फोट' एकच. पहिला जरा सरकारी. पण स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार घेतले, नोटरीने शिक्का मारला, तरी लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ मध्ये एक फट आहे: एखाद्या जातिसमूहात रूढीने काडीमोड चालत आला असेल तर कायदा तो हक्क काढून घेत नाही. मात्र रूढी आहे हे पुराव्याने शाबीत करावं लागतं, नुसतं 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही. असा कागद हातात घेऊन दुसरं लग्न करणारे आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालणारे पुष्कळ पाहिले.

आडवाट
व्युत्पत्तीची भर घालते. काडीमोड उघडच आहे, पंचांसमोर काडी मोडायची. फारकत मात्र 'फारिगखत'वरून, म्हणजे मोकळं केल्याचा कागद. म्हणून भागीदारीतून बाहेर पडतानाही फारकतच. सोडचिठ्ठी तर आता नवराबायकोपेक्षा राजकीय पक्षांनाच जास्त मिळते.

सगळ्यांत गंमत घटस्फोटाची. मूळचा याचा नवराबायकोशी संबंधच नाही. पतिताला वाळीत टाकताना पाण्याने भरलेला घट दासीने पायाने लवंडायचा, असा विधी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. माणूस जिवंत असताना त्याची उत्तरक्रिया उरकण्यासारखं. इतका कठोर शब्द आपण कोर्टाच्या कामाला जुंपला आणि आता तो कोणाला टोचतही नाही.

मुद्रितशोधक
मग 'न्यायिक फारकत' म्हणजे कोर्टाने दिलेला घटस्फोटच ना?

जुना कारकून
नाही, आणि इथेच लोक फसतात. कलम १० ची न्यायिक फारकत (कोणी 'न्यायिक विभक्तता' लिहितात, मला तेच बरं वाटतं) म्हणजे एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, लग्न राहतं. दुसरं लग्न करता येत नाही. त्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर मात्र त्या आधारावर घटस्फोट मागता येतो. याच्या उलट कलम ९. कागदावर 'वैवाहिक हक्कांचं पुनर्स्थापन', पण पक्षकार सरळ 'नांदायला येण्याचा दावा' म्हणतात. माझ्या मते कायद्याच्या मराठीत याहून चपखल शब्द झाला नाही.

आडवाट
'म्युच्युअल' राहिलं. 'म्युच्युअल टाकलंय' असं ऐकते सारखं.

जुना कारकून
परस्परसंमतीने घटस्फोट, कलम १३ ब, १९७६ साली आलं. किमान वर्षभर विभक्त राहत असले पाहिजेत, एकत्र राहणं जमत नाही आणि लग्न मोडायला दोघं राजी, हे तिन्ही हवं. अर्ज दोघांचा मिळून. मग सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा दोघांनी कोर्टापुढे यायचं. हे सहा महिने कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे 'टाकलंय' म्हणजे 'झालंय' नव्हे.

आणि 'विभक्त राहणं' या शब्दाकडे नीट बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाप्रमाणे एका छपराखाली राहूनही, पतिपत्नी म्हणून न राहणारे विभक्तच. तेव्हा मसुद्यात 'वेगळ्या घरी राहतात' असं सोपं करायला जाऊ नका.

मुद्रितशोधक
तेच करून ठेवलं होतं मी! आणि 'जाबदेणार यांनी म्हणणे दिले' यातलं 'म्हणणे दिले' खोडून 'मत मांडले' केलंय.

जुना कारकून
आधी ते परत लावा. 'म्हणणे देणे' म्हणजे जाबदेणाराने, ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याने, अर्जाला लेखी उत्तर दाखल करणं. ते मुदतीत आलं नाही तर काम एकतर्फी चालू शकतं. मत कोणी विचारत नाही तिथे.

आडवाट
'पोटगी' हा शब्द राहू द्यायचा का? मसुद्यात 'निर्वाहभत्ता'ही दिसतो.

जुना कारकून
दोन्ही चालतात. फक्त 'अंतरिम' की 'कायमची' ते विशेषण खाऊ नका. दावा चालू असतानाची कलम २४ खाली, निकालाच्या वेळची वा नंतरची २५ खाली. आणि दोन्ही कलमांत नवराही मागू शकतो, त्यामुळे 'पत्नीची पोटगी' असं आपल्या पदरचं घालू नका.

मुद्रितशोधक
सगळं पूर्ववत केलं. स्टॅम्पपेपरवरच्या 'काडीमोडपत्रा'चं काय करू?

जुना कारकून
त्याला हात लावू नका. तो पुरावा आहे, त्यातल्या चुकांसकट.