मदत हवी आहे: वडिलांच्या खात्यात पाठवलेल्या ५,००० रुपयांतून बँकेने २,३६० रुपये कापले

खडकवाट
नमस्कार. वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मी काल त्यांच्या खात्यात ५,००० रुपये पाठवले. संध्याकाळी त्यांनी पाहिले तेव्हा खात्यात २,६४० रुपयेच होते. ग्राहक सेवा क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकल्यानंतर ‘सर, हे सिस्टीमने घेतलेले चार्जेस आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. बँक मोठी आणि खासगी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. पैसे परत कसे मिळवायचे आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढेच कृपया सांगावे. बँका ग्राहकांना कशा लुटतात यावर चर्चा नको. तो विषय मला कालपासून पुरेसा समजला आहे.

मेतकूट_भात
खाते कोणत्या प्रकारचे आहे? कापलेल्या रकमेसमोर स्टेटमेंटमध्ये काय लिहिले आहे? या दोन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही काही सांगू शकणार नाही.

खडकवाट
साधे बचत खाते आहे. पैसे न विचारता कापले, हे पुरेसे नाही का?

टपालपेटी
मी गेली अनेक वर्षे घरातील सर्वांची खाती पोस्टात ठेवली आहेत. किमान शिल्लक फक्त ५०० रुपये आणि व्याज ४ टक्के. तुमच्या वडिलांचे खातेही तिकडे हलवा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

उंबरखिंड
टपालपेटी, आर्थिक वर्षाअखेर ५०० रुपये नसतील तर पोस्टही ५० रुपये देखभाल शुल्क घेते, हेही सांगत जा. शिवाय धागाकर्त्याने विचारले आहे ते गेलेल्या पैशांविषयी, नव्या खात्याविषयी नव्हे.

निवृत्त_रोखपाल
खडकवाट, आपण स्टेटमेंट दिले नाहीत, तरी रक्कमच थोडे बोलते आहे. २,३६० म्हणजे ५९० गुणिले ४. आणि ५९० म्हणजे ५०० रुपयांचे शुल्क अधिक १८ टक्के जीएसटी. याचा अर्थ खात्यावर एकसारख्या चार आकारण्या थकलेल्या होत्या आणि खात्यात पैसे येताच त्या एकदम वसूल झाल्या. किमान शिल्लक न राखल्याचा दंड आणि हप्ता परत गेल्याचे शुल्क, ही दोन्ही अनेक बँकांत या रकमेच्या आसपास असतात. आता कृपया सांगा: हे खाते पूर्वी पगाराचे होते का? वडील निवृत्त कधी झाले? खात्यातून एखादा हप्ता आपोआप जात होता का? आणि बँकेकडे कोणता मोबाइल क्रमांक नोंदवलेला आहे?

खडकवाट
होय, खाते पगाराचेच होते. वडील चाकणच्या एका कारखान्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि आता कराडजवळ गावी राहतात. शाखा पिंपरीतील आहे. स्टेटमेंट आज मिळाले. दोन ओळींत ‘एएमबी चार्जेस’ आणि दोन ओळींत ‘एसीएच रिटर्न’ असे लिहिले आहे. त्याआधी आठ महिने दर महिन्याला ‘एएमबी’ नावाने वेगवेगळ्या रकमा गेल्या आहेत: ४१०, ४३९, ४७० अशा वाढत वाढत ५९० पर्यंत. सुरुवातीला खात्यात ४,२०० रुपये होते. ‘पीएमएसबीवाय’ नावाने २० रुपये गेले आहेत, तेही कशाचे ते वडिलांना माहीत नाही. हे सगळे पैसे परत हवे आहेत.

मेतकूट_भात
पाहा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले असते तर पोस्टाच्या खात्याची माहिती वाचावी लागली नसती.

निवृत्त_रोखपाल
आता चित्र स्पष्ट झाले. ‘एएमबी’ म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक, आणि ‘एसीएच रिटर्न’ म्हणजे खात्यात पैसे नसल्याने परत गेलेला आपोआप हप्ता. काही महिने पगार जमा झाला नाही की पगाराचे खाते साध्या बचत खात्यात रूपांतरित होते. बहुतेक बँका तीन महिने वाट पाहतात. रूपांतर झाले की किमान सरासरी शिल्लकीची अट लागू होते. शहरी शाखा असल्याने ती १०,००० रुपये असावी. गावाकडील शाखेत खाते असते तर अट कमी असती. आपण दिलेल्या रकमांवरून असे दिसते की बँक तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते घेत आहे.

पहिल्या महिन्यात ४,२०० शिल्लक, म्हणजे ५,८०० ची तूट; तिचे ६ टक्के ३४८ रुपये आणि जीएसटी ६२.६४, एकूण ४१०.६४. दंड खात्यातूनच गेल्यामुळे पुढच्या महिन्यात शिल्लक ३,७८९ होते, तूट वाढते आणि दंड ४३९.७१ होतो. खातेदाराने एक रुपयाही काढला नाही, तरी शिल्लक जितकी खाली जाते तितका दंड वाढत जातो. या गणिताने आठव्या महिन्याअखेर खात्यात सुमारे ७६ रुपये उरतात, आणि २० रुपयांची ती कपात धरली तर त्याहूनही कमी. त्यानंतर कापायला काही नसते, म्हणून आकारणी थकबाकी म्हणून नोंदवली जाते आणि पैसे येण्याची वाट पाहते. आपले ५,००० रुपये या सापळ्यात पडले.

पीएमएसबीवाय ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती विमा संरक्षण, वयाच्या सत्तरीपर्यंत. ते बँकेचे शुल्क नव्हे. नको असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन बंद करता येते. माझे मत विचाराल तर राहू द्यावे. मात्र संमतीची सही केव्हा घेतली, हे विचारण्याचा हक्क वडिलांना आहे.

सहकारनिष्ठ
या सर्वाचे मूळ कारण खासगी बँका हेच आहे. आमच्या गावातील पतसंस्थेत असले काहीही होत नाही. व्यवस्थापक नावाने ओळखतो, घरी येऊन पैसे घेऊन जातो आणि व्याजही जास्त मिळते.

उंबरखिंड
पतसंस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण नसते आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कक्षेतही येत नाही. तिथे काही बिघडले तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे खेटे घालावे लागतात. महाराष्ट्रात अडकलेल्या ठेवीदारांची कमतरता नाही. पाचशे रुपयांचा दंड वाचवण्यासाठी मुद्दल धोक्यात घालण्याचा सल्ला निवृत्त माणसाला देऊ नये.

सहकारनिष्ठ
सर्वच संस्था तशा नसतात. आपण सरसकट विधान करत आहात.

चौथा_मजला
सरकारी बँकेत चला. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यांची किमान शिल्लकीची अट काढून टाकली आणि २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा या बँकांनीही तेच केले. उलट एका मोठ्या खासगी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये शहरांतील नव्या खात्यांसाठी ५०,००० रुपयांची अट लावली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५,००० वर आणली.

मेतकूट_भात
सरकारी बँकांचे इतके कौतुक नको. २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत त्यांनी याच दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, असे सरकारनेच लोकसभेत सांगितले आहे. त्यांना शहाणपण उशिरा आले, एवढेच.

खडकवाट
कृपया मूळ प्रश्नाकडे या. तक्रार कोणत्या आधारावर करायची?

लेखापाल_कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने या दंडाला चौकट घालून दिली आणि ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली. शिल्लक कमी झाली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवले पाहिजे, आणि त्यानंतर शिल्लक भरण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे. दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे शिलकीत जाता कामा नये. तुमच्या बाबतीत शेवटच्या दोन एएमबी आकारण्या खाते रिकामे असताना नोंदवून नंतर वसूल केल्या आहेत. माझ्या मते हे सरळ उल्लंघन आहे.

निवृत्त_रोखपाल
मी इतके ठाम विधान करणार नाही. खाते प्रत्यक्षात उणे झालेच नव्हते, थकबाकी स्वतंत्र नोंदवली होती, असा युक्तिवाद बँक करते. आमच्या काळीही करत असे.

लेखापाल_कोल्हापूर
उणे आकडा खात्याऐवजी दुसऱ्या वहीत लिहिला म्हणून तो उणे राहत नाही का? नियमाचा हेतूच त्यामुळे फोल ठरतो. हा मुद्दा लोकपालापुढे मांडण्याजोगा आहे.

निवृत्त_रोखपाल
मांडावाच, पण तो एकच आधार असू नये. शिवाय हप्ता परत गेल्याच्या दोन आकारण्यांना हा नियम लागू होत नाही, कारण तो फक्त किमान शिल्लकीच्या दंडाविषयी आहे. म्हणून मी मोबाइल क्रमांकाविषयी विचारले होते आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही. सूचना कोणत्या क्रमांकावर गेल्या?

खडकवाट
बँकेकडे कंपनीने दिलेला क्रमांक होता आणि तो निवृत्तीच्या वेळी कंपनीकडे परत गेला. पण वडिलांनी त्याच आठवड्यात पिंपरी शाखेत नवा क्रमांक नोंदवण्याचा अर्ज दिला होता. केवायसीची कागदपत्रेही जोडली होती. अर्जाची शिक्का मारलेली पोच त्यांच्या फाइलमध्ये आहे. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नाही.

निवृत्त_रोखपाल
हाच आपला सर्वांत भक्कम कागद आहे! दंड किती असावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि तशा निर्णयाविरुद्धची तक्रार लोकपाल स्वीकारत नाही. म्हणून ‘दंड फार आहे’ असे लिहू नका. ‘नवा क्रमांक लेखी देऊनही बँकेने तो नोंदवला नाही, त्यामुळे खात्याच्या रूपांतराची आणि शिल्लक कमी झाल्याची सूचना खातेदाराला मिळाली नाही, आणि सूचनेविना केलेली वसुली नियमबाह्य आहे’ असे लिहा. सेवेतील त्रुटीची तक्रार लोकपाल ऐकतो. हप्त्याच्या शुल्कासाठीही हाच धागा पुढे न्या: दंड कापला नसता तर ४,२०० रुपये तसेच राहिले असते. हप्ता किती रुपयांचा होता?

खडकवाट
आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता, ३,९०० रुपये. त्यासाठीच वडिलांनी ४,२०० ठेवले होते.

आभाळमाया_नागपूर
क्षमा करा, मी या विषयातील जाणकार नाही, पण एक प्रश्न कोणीच विचारलेला दिसत नाही. हप्ता परत गेला, तर पॉलिसीचे काय झाले? वार्षिक हप्त्याला सवलतीची मुदत साधारण तीस दिवसांची असते. ती उलटली असेल तर पॉलिसी बंद पडली असेल.

खडकवाट
हप्त्याची तारीख मागच्या महिन्यातील होती. मुदत संपायला सहा दिवस आहेत. आजच भरतो. मनापासून आभार.

चौथा_मजला
आणि पुढचे हप्ते दुसऱ्या बँकेतून जातील असे मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, बदलून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी हाच धागा पुन्हा निघेल.

पैठणकर_नव्हे
मला एक सोपा उपाय सुचतो. खाते तसेच सोडून द्यावे. काही दिवसांनी ते आपोआप बंद होते.

लेखापाल_कोल्हापूर
होत नाही. दोन वर्षे ग्राहकाने कोणताही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते आणि त्यानंतर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून तसा स्पष्ट नियम आहे. पण तोपर्यंतचा दंड साचत राहतो. खाते ठेवायचेच असेल तर त्याच बँकेत मूलभूत बचत ठेव खात्यात, म्हणजे लोक ज्याला झिरो बॅलन्स म्हणतात त्यात, रूपांतर करण्याचा अर्ज द्यावा. त्याला किमान शिल्लक नसते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

खडकवाट
रजा काढून वडिलांसोबत पिंपरी शाखेत जाऊन आलो. लेखी तक्रार दिली, पोच घेतली, हप्ताही भरला. नवा क्रमांक ‘प्रलंबित’ म्हणून वर्षभर तसाच पडून होता, हे शाखेनेच मान्य केले. व्यवस्थापक म्हणाले की सदिच्छा म्हणून एसीएच रिटर्नचे १,१८० रुपये परत करतील, बाकीच्याला इलाज नाही. त्यासाठी एका छापील पत्रावर वडिलांची सही हवी आहे. त्यात ‘तक्रारीचे पूर्ण समाधान झाले’ असे वाक्य आहे. सही करावी का?

निवृत्त_रोखपाल
त्या वाक्यावर सही करू नये. १,१८० रुपये अंशतः परतावा म्हणून स्वीकारत असल्याचे आणि उर्वरित रकमेची तक्रार कायम असल्याचे हाताने लिहून मग सही करावी. शाखेला ते मान्य नसेल तर पैसे राहू द्यावेत. तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या संकेतस्थळावर लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. वडिलांच्या अधिकारपत्रावर तुम्ही स्वतः ती करू शकता. आठ महिन्यांचा दंड आणि थकबाकीच्या दोन आकारण्या यांची बेरीज स्टेटमेंटवरून काढून तोच आकडा तक्रारीत लिहा. क्रमांक प्रलंबित असल्याचे व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले आहे. घरी गेल्यावर त्यांना आजच एक ईमेल पाठवून त्या बोलण्याची नोंद करून ठेवा.

खडकवाट
ईमेल पाठवला. सही केलेली नाही.