मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राचा अर्भक मृत्यू दर एका वर्षात पाचपट?

शिवारफेरी
सोमवारी तालुक्याचा आढावा आहे. आमच्या केंद्राचा दर गेल्या वर्षी हजार जिवंत जन्मांमागे ६.८ होता, यंदा ३३.८ येतोय. सूत्र पुन्हा तपासलं, बरोबर आहे. राज्याचा एसआरएसचा (देशभरच्या नमुना नोंदणी पाहणीचा) २०२० चा आकडा १६, त्याच्यासमोर हे कसं मांडू? चूक कुठे आहे ते लवकर सांगा.

आकडेमोड
भावा, दर नको, मोजणी दे. जिवंत जन्म किती, वर्षाच्या आतले मृत्यू किती? आकडे सीआरएसचे (जन्म-मृत्यू नोंदणी), एचएमआयएसचे (दवाखान्यांचे मासिक आकडे) की आरसीएच पोर्टलचे (माता-बालकांच्या नावनिशी नोंदी)?

पन्हाळगड
छेदात २०११ ची लोकसंख्या धरली असणार. १ जुलैची मध्यवर्षीय लोकसंख्या घ्या, दर खाली येईल.

आकडेमोड
अर्भक मृत्यू दराच्या छेदात लोकसंख्या येतच नाही, त्या वर्षीचे जिवंत जन्म येतात. मध्यवर्षीय लोकसंख्या ढोबळ जन्मदराला लागते.

शिवारफेरी
यंदा ३२५ जन्म, ११ मृत्यू. गेल्या वर्षी २९५ आणि २. त्याआधी ३१० आणि ७. जन्म एचएमआयएसमधून, मृत्यू आशांच्या यादीतून. यात काय वेगळं आहे?

नमुना_दोन
सगळं इथंच आहे. एचएमआयएसमध्ये बाळंतपण जिथे झालं तिथे नोंद होते, आशांची यादी राहत्या घराची. तुमच्या गावची बाई सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा इचलकरंजीच्या खासगी दवाखान्यात बाळंत झाली तर तो जन्म तुमच्या ३२५ मध्ये नाही. बाळ दगावलं तर मात्र ११ मध्ये आहे. छेद तोकडा, दर फुगलेला.

नावनिशी यादी करा: आई, नवरा, जन्मतारीख, नेहमीचं गाव, बाळंतपणाचं ठिकाण. आरसीएच पोर्टलपासून सुरू करा, मग ग्रामपंचायतीच्या आणि कोल्हापूर महापालिकेच्या नोंदींशी ताडा. नमुना १ च्या (जन्माच्या अहवालाच्या) सांख्यिकीय भागात आईच्या रहिवासाचं गाव असतं, ते बघा. पहिलटकरणी माहेरी जातात. त्यांच्या बाळाचा जन्मही सासरच्या गावाला धरा आणि मृत्यूही सासरच्याच गावाला. ऊसतोड टोळ्यांचा तक्ता वेगळा ठेवा. त्यांचे मृत्यू धरून जन्म सोडले तर पुन्हा तेच होणार.

रंकाळा_काठ
एकूण जननदर काढायचा तर १५ ते ४९ वयाचे पाच-पाच वर्षांचे सात गट करा, प्रत्येकाचा वयनिहाय दर काढा, बेरजेला ५ ने गुणून १००० ने भागा.

शिवारफेरी
जननदर विचारलाच नाही हो. सोमवारी काय सांगू?

आकडेमोड
तीन वर्षं एकत्र करून मांड. ९३० जन्म, २० मृत्यू, दर २१.५. पॉयसनने (मोजक्या घटनांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने) ९५ टक्के विश्वासपट्टा साधारण १३ ते ३३. राज्याचा १६ त्यात बसतो. ३०० जन्मांच्या केंद्राला एका वर्षाचा दर लावणंच चूक; एक मृत्यू वाढला की दर तीनाने वर. एसआरएससुद्धा जिल्ह्याचा दर देत नाही.

नमुना_दोन
माझा याला विरोध आहे. आधी छेद दुरुस्त व्हायला हवा, नाहीतर तुमचा २१.५ सुद्धा फुगलेलाच. आणि सरासरीखाली ११ बाळं झाकली जातील. मला तर संशय यंदाच्या ११ पेक्षा गेल्या वर्षीच्या २ वर आहे. त्या वर्षीचे उपजत मृत्यू (मृतच जन्मलेली बाळं) काढून बघा. रडलेलं, श्वास घेतलेलं बाळ काही मिनिटांत गेलं तरी तो जिवंत जन्म. नमुना १ आणि नमुना २ (मृत्यूचा अहवाल) दोन्ही भरावे लागतात. ते नमुना ३ वर (उपजत मृत्यूच्या अहवालावर) गेलं की जन्मही गळतो, मृत्यूही. उपजत जास्त आणि ०-६ दिवसांचे मृत्यू जवळपास शून्य दिसले तर गळती तिथेच. अकरा महिन्यांच्या बाळापुढे 'वय १ वर्ष' लिहिलंय का, तेही बघा.

आकडेमोड
छेदाचं मान्य. दुरुस्त झाल्यावरही तीन वर्षांचाच दर दाखवावा, शेजारी दरवर्षीचे मृत्यू आकड्यात.

पन्हाळगड
लिंग गुणोत्तरही काढा. ०-६ वर्षं वयोगटात कोल्हापूर जिल्हा २००१ ला हजार मुलग्यांमागे ८३९ मुलींवर होता.

शिवारफेरी
गेल्या वर्षी उपजत ९, आणि ०-६ दिवसांत मृत्यू एकही नाही.

नमुना_दोन
मग त्या नऊच्या केसपेपरवर बाळाचा अपगार (जन्मताच श्वास, ठोके वगैरे बघून दिलेले गुण) आणि वजन काय लिहिलंय ते आजच बघा. जन्मतः ठोके किंवा श्वास नोंदवलेला असेल तर ते उपजत नाही. यंदाच्या ११ चे ०-६, ७-२७ आणि २८ दिवसांनंतरचे असे तीन गट पाडून इथे टाका.