लेकीची हॅम्बुर्गची इंटर्नशिप: शनिवार-रविवारचं काय?

प्रेषक: एक पालक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

मंडळींनो, नमस्कार. मी तुमच्या हॅम्बुर्गच्या मराठी मंडळाचा सभासद नाही. भाचा तिकडं होता तेव्हा त्यानं माझा पत्ता या यादीत घातला, तो कुणी काढला नाही. गणपतीच्या जेवणाचे मेल अजून येतात, वाचून बरं वाटतं.

पोरगी खरगपूरला नेव्हल आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यात तिला हॅम्बुर्गच्या एका जहाज-डिझाइन ऑफिसात इंटर्नशिप मिळाली. आमच्या खानदानात वैनगंगेच्या डोंग्याखेरीज कुणी कशात बसलं नाही, म्हणून विचारतो. तिथं काम नेमकं काय देतात? दुसरं, तिच्या सोबतच्या पोरांनी दर शनिवारी नवा देश असा बेत आखलाय, तिकिटं आत्ताच काढा म्हणतात. काढू द्यावी का? आणि तिची आई विचारते, खायला काय बांधून द्यायचं?

प्रेषक: जुना इंटर्न, सध्या मुक्काम गावी, ता. पवनी

काकाजी, मी तुमच्या शेजारचाच. हॅम्बुर्गचं एक डिझाइन ऑफिस मी आतून पाहिलंय. इकडं धानाची मळणी चालू आहे, त्यात थ्री-फेज लाइट रात्रीची, म्हणून उत्तराला उशीर झाला.

कामाचं आधी सांगतो. पहिल्याच दिवशी जहाज काढायला देतील असं तिच्या मनात असेल, तर ते काढून टाकायला सांगा जी. देतात ते वजनांचं कोष्टक. पंप, शिडी, दरवाजा, केबल, रंगसुद्धा. प्रत्येकाचं वजन किती आणि ते जहाजाच्या तळापासून किती उंचीवर. हजारो ओळी. डोळे दुखतात. पण त्या बेरजेतूनच गुरुत्वमध्य निघतो, आणि तो ठरल्याहून वर गेला की वरचं देखणं डिझाइन कचऱ्यात. मग स्थिरतेचं गणित. साध्या मालवाहू जहाजाला मेटासेंट्रिक हाइट, म्हणजे कललेलं जहाज परत सरळ होण्याची ताकद दाखवणारं माप, निदान ०.१५ मीटर लागते. धान्य सैल भरणार असेल तर धान्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ०.३० मीटर. वर, धान्य सरकल्यामुळं जहाज १२ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये.

हे दुप्पट का, ते मला ऑफिसात कुणी सांगितलं नाही. ते कळलं एका रविवारी, लुबेकला. हॅम्बुर्गहून लोकल गाडीनं पाऊण तास. तिथल्या याकोबी चर्चमध्ये एक मोडकी लाइफबोट ठेवलीय, ‘पामीर’ या चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाची. १९५७ च्या सप्टेंबरात ते अर्जेंटिनाहून जव घेऊन हॅम्बुर्गला निघालं होतं. अटलांटिकमध्ये वादळात सापडलं. ८६ जणांतले ६ वाचले. निम्म्याहून जास्त शिकाऊ पोरं होती, माझ्या वयाची. जव पोत्यांत नव्हतं, बहुतेक सगळं सैल ओतलेलं. प्रवासात धान्य बसतं, वर पोकळी राहते, जहाज एका अंगाला झुकलं की सगळं तिकडं घसरतं. पाणी निदान परत येतं, धान्य येत नाही. फट्टा न बांधता ट्रॉलीत सैल धान भरून कालव्याच्या वळणावर ट्रॅक्टर वळवा, म्हणजे समजेल. तसंच दुसरं जहाज ‘पासात’, त्याचंही जव त्याच साली सरकलं, ते कसंबसं लिस्बनला पोहोचलं. आज ते लुबेकजवळच्या ट्राव्हेम्युंडे बंदरात उभं आहे, आत जाऊन पाहता येतं. सोमवारी ऑफिसात गेलो तेव्हा ते ०.३० मला वेगळं दिसायला लागलं.

म्हणून माझं मत: दर शनिवारी नवा देश हे खूळ आहे. शुक्रवारची रात्र बसमध्ये, रविवारची रात्र बसमध्ये, मधे एका मनोऱ्यासमोर फोटो. जहाजं शिकायला आली आहे तर हॅम्बुर्गच्या एल्बे नदीकाठी बसू द्या. ६२ नंबरची फेरी शहराच्या बसच्याच तिकिटावर चालते, लांडुंग्सब्र्युकेनहून फिंकेनवेर्डरपर्यंत, दोन्ही अंगांना कंटेनर जहाजं आणि गोद्या. १९११ चा जुना एल्बे बोगदा आहे, २४ मीटर खाली, पायी फुकट. आणि एल्बेकाठच्याच वेडेल गावाला जरूर जायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजाला तिथून त्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात, १९५२ पासून. बरीच जहाजं पनामा, लायबेरियाच्या झेंड्याखाली नोंदलेली, त्यामुळं ती गाणी पाठ होतात. आपलं ‘जन गण मन’ कधी वाजतं याची वाट बघत मी तिथं पुष्कळ कॉफी प्यालो.

प्रेषक: ताई, आल्टोना, हॅम्बुर्ग

अरे पवनीकर, तू रविवारीही ऑफिसच डोक्यात घेऊन फिरलास, सगळ्यांनी तसंच करावं का? पोरगी पहिल्यांदा बाहेर पडतेय. एकदा ॲमस्टरडॅम करू दे तिला, आकाश कोसळणार नाही. दर आठवड्याला नको, हे मान्य.

भाऊसाहेब, थोडं कामाचं. डॉइचलांड-तिकीट घ्यायला सांगा, २०२५ मध्ये महिना ५८ युरो होतं. देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, वेगवान आयसीई नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं. बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर परत गेल्यावरही पैसे कापत राहतील. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच.

व्हिसाआधी जर्मन रोजगार खात्याची मंजुरी लागते. ती कंपनीमार्फत मागवायची असते, आत्तापासून मागे लागा. निदान चार सेमिस्टर झालेली असावी लागतात, तुमच्या लेकीची झालीच असतील.

वहिनींना सांगा, तूप, खवा, पेढे नकोत. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर टाकून देतात. जवसाची चटणी आणि तिखट भरपूर द्या. तांदूळ द्यायचा मोह आवरा, इथं मिळतो.

प्रेषक: एक पालक, ता. लाखांदूर

ताई, उपकार झाले. तांदळाचं तिच्या आईला पटलेलं नाही, ते आम्ही घरात बघून घेऊ. ॲमस्टरडॅम एकदा, बाकी नदीकाठ, असं ठरलं. पोरगी म्हणते वेडेल नक्की.

पवनीकर, एक सांग बाप्पा. आता बोटीत धान सैलच भरतात की पोत्यांत?

प्रेषक: जुना इंटर्न, ता. पवनी

सैलच, काकाजी. पण कोठी काठोकाठ भरून वरून सपाट करतात. शिवाय नव्या जहाजांत कोठीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरप्या बुडाच्या पाण्याच्या टाक्या असतात. धान्याचा ढीग जसा उतरता बसतो तसाच तो उतार, त्यामुळं कोपऱ्यात पोकळीला जागाच कमी उरते. कोष्टकात त्या टाक्यांच्या ओळी तिच्या वाट्याला आल्या तर मला कळवायला सांगा.